नमुना खोली

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. समुद्र अगदी दारात आहे. गॅलरीत नुसतं उभं राहिलं तरी ओठांवर खारट चव येते. रोजनिशी लिहायची मला सवय नाही, पण हे नणंदेच्या घरी आणि मी इथे, तेव्हा दिवसभराचं बोलणं कुठेतरी ओतायला हवं, नाहीतर माझ्या पोटात दुखेल.

कामाचं सांगते. आमची सोसायटी बांधली तेव्हा इथला इंजिनिअर तिथे नवशिका म्हणून कामाला होता. गळकी गच्ची, तिरका नळ, न लागणारी खिडकी, असं एकेक दाखवून मी त्या पोराच्या नाकी नऊ आणले होते. आता तो मोठा झालाय आणि हे हॉटेल नव्याने उभं करायचं काम त्याच्याकडे आहे. मालक बदलले. जुन्या नावाची अक्षरं उतरवून मागच्या अंगणात टाकलीत, नवं नाव दर्शनी भिंतीवर कापडाखाली झाकून ठेवलंय. उघडण्याआधी एकच खोली पूर्ण तयार करतात. तिला म्हणतात नमुना खोली. तिच्यात कुणालातरी राहायला लावायचं, काय काय खुपतं ते विचारायचं, आणि मग बाकीच्या सगळ्या खोल्या तिच्याबरहुकूम करायच्या. खुपणारं शोधायला माणूस हवा म्हटल्यावर त्याला माझी आठवण झाली. नणंद म्हणाली, वहिनी, जन्मभर खुसपटं काढलीस, आता कुणी गाडी पाठवून बोलावतंय. ती मला खुसपटराणीच म्हणते. म्हणू दे.

मी आले ते एकाच कारणासाठी. काम संपलं की हे इथे येणार आणि आम्ही दोघं आठवडाभर राहणार. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून हे गप्प गप्प झालेत. चालताना पाऊल टाकायच्या आधी विचार करतात. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता भीती जायला हवी. हवापालट करा, आणि काही झालं तरी एकदम धक्का बसेल असं घडू देऊ नका. तेव्हा ह्यांना इथे आणून गॅलरीतल्या खुर्चीत बसवायचं, पुढ्यात चहा ठेवायचा आणि हसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात आहे.

५ नोव्हेंबर

सकाळी नाश्ता झाला की इंजिनिअर आणि मिस्त्री येतात. मिस्त्री म्हणजे सुतारांचा मुख्य. दारावर टकटक करतो, काकू आत येऊ का विचारतो, आणि त्यानंतर एक अक्षर बोलत नाही. मी सांगत जाते, तो ऐकत जातो, शेवटी करतो म्हणतो आणि जातो.

आज भरपूर सांगितलं. दिव्याचं बटण पलंगापासून हातभर लांब. बाथरूमचं दार उघडलं की टॉवेलच्या दांडीवर आपटतं. आरसा इतका वर की मला फक्त माझं कपाळ दिसतं, तेही आठ्यांसकट. पलंग बसका, उठताना डावा गुडघा कळवळतो. उजेड असा मेला की चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा बांधायला बसले तर दोराच दिसेना. गादी मऊ, कूस बदलली की खड्ड्यात पडल्यासारखं होतं आणि मग झोप उडते, झोप उडाली की माझी चिडचिड होते, चिडचिड झाली की तोंडाचा पट्टा सुरू होतो. इंजिनिअर म्हणाला, सगळं करतो काकू, काही राहू देत नाही.

नव्या मालकांचा म्हणे नियमच आहे. त्यांच्या कुठल्याही गावातल्या कुठल्याही हॉटेलात पाहुण्याला जाग आली, तर डोळे न उघडता त्याचा हात बटणावर पडला पाहिजे. खोलीखोलीत तसूभरही फरक नको. मी म्हटलं, मग माणसानं घर सोडून यावं कशाला. तो नुसता हसला.

संध्याकाळी फोनवर ह्यांना आरशाचं आणि आठ्यांचं सांगितलं. पलीकडून हूं असा आवाज आला. हसण्याच्या जवळपासचा होता.

७ नोव्हेंबर

शेजारची खोली तयार झाली. इतक्यात कशी, कोण जाणे. गडी दिवसभर राबतात आणि बोलत नाहीत, हेही त्याचं कारण असेल. आत जाऊन बघते तर मी सांगितलेलं सगळं केलंय. बटण हाताशी, आरसा समोर, पलंग उंच, उजेड लख्ख. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. इतकी वर्षं घरीदारी बोलत आले, पहिल्यांदाच कुणी शब्द न् शब्द ऐकला.

गंमत पुढे आहे. माझ्या खोलीत गॅलरीच्या उंबऱ्यापाशी एक फरशी तिरकी बसलीय. माझ्या नजरेतून सुटली होती, सांगायची राहिली. ती या खोलीतही तिरकीच, तितकीच. आणि मी सकाळी खुर्चीच्या पाठीवर माझा निळा टॉवेल वाळत टाकला होता. इथेही खुर्चीच्या पाठीवर निळा टॉवेल, तसाच, एक टोक खाली लोंबतंय. इंजिनिअरने कपाळाला हात लावला. म्हणाला, मिस्त्रीला नमुन्यासारखं म्हटलं की तो नमुन्यासारखंच करतो, डोकं बाजूला काढून ठेवतो. आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

मी म्हटलं, माझ्या खोलीतलं बटणही जवळ घ्या की. तो म्हणाला, नमुन्याला आता हात लावायचा नसतो. त्यातलं लाकूड, नळ, सगळं तात्पुरतं. बाकीच्या खोल्या पसंत पडल्या की नमुना काढून टाकतात, दार बुजवून आत चादरींचं कोठार होईल. मग आम्ही दोघं राहणार कुठे, असं विचारलं तर म्हणाला, शेजारी काकू, तीच तुमची.

ह्यांना टॉवेलचं सांगितलं. आज हसले, खरंच हसले. मग छातीवर हात ठेवला असावा, कारण मध्येच थांबले.

९ नोव्हेंबर

आज एक विचित्र प्रकार. शेजारच्या खोलीत उशाशी माझा चष्मा होता. मला वाटलं मीच विसरले, तर माझा नाकावर. उचलून पाहिला. तीच गडद तपकिरी चौकट, डाव्या काचेवर तोच बारीक ओरखडा. फक्त काडी मोडलेली नाही, दोरा नाही. घालून बघितला. नंबर माझाच. उलट जरा जास्तच स्वच्छ दिसलं, समुद्रावरची होडी आणि होडीतला माणूससुद्धा.

मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, नमुन्यात होता. बस, एवढंच. वर माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

इंजिनिअरला सांगितलं तेव्हा तो फोनवर होता. मान हलवली आणि पुढे गेला. चष्मेवाल्याकडून नंबर कसा मिळवला असेल, याचा मी दुपारभर विचार केला.

१० नोव्हेंबर

चपला.

माझा डावा गुडघा बाहेर कलतो म्हणून माझी डावी चप्पल नेहमी बाहेरच्या बाजूनं झिजते. वर्षानुवर्षं असंच, चांभार मला चपलेवरून ओळखतो. शेजारच्या पलंगाखाली तशाच चपला ठेवल्यात. नव्या नाहीत, वापरलेल्या. अंगठ्याची खूण पडलेली, टाच चपटी झालेली. आणि दोन्ही सारख्या झिजलेल्या.

म्हणजे त्या घालून कुणीतरी चाललंय. जिचा गुडघा दुखत नाही अशी कुणीतरी.

इंजिनिअरला गाठलंच. आवाज चढवला नाही, पण स्पष्ट बोलले, की ही कसली थट्टा. तो गोंधळला. म्हणाला, काकू, तुम्हीच सांगितलंत. मी म्हटलं, मी पलंगाचं सांगितलं. तो म्हणाला, पलंग बसका, उजेड कमी, काडी मोडकी, गुडघा कळवळतो, झोप उडते, चिडचिड होते. माझंच बोलणं त्याने जसंच्या तसं घडाघडा म्हणून दाखवलं. म्हणाला, सगळं दुरुस्त करायचं ठरलं होतं, एकही खोट ठेवायची नाही.

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. उत्तम काम केलेल्या माणसाचा चेहरा होता.

१२ नोव्हेंबर

काल काही सांगितलं नाही. दोघं आले, मी म्हटलं सगळं ठीक आहे. इंजिनिअर खूष झाला. मिस्त्री मात्र जायला तयार नव्हता, माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता.

आज भर सकाळी शेजारी गेले. जायचं नाही असं ठरवूनही गेले. माझा स्वभावच तो, दिसलं नाही तर चैन पडत नाही. उशीवर डोक्याचा खळगा होता. हात ठेवला. ऊब होती. कंगव्यात केस, माझ्यासारखेच, मुळाशी पांढरे. बाथरूममध्ये आरशावर वाफ. कुणी नुकतंच आंघोळ करून बाहेर पडलं होतं. मी बाहेर पडताना स्वागतकक्षातली मुलगी कॉरिडॉरमधून येत होती. रोज माझ्याशी दोन वाक्यं बोलते. आज माझ्याकडे पाहून थबकली आणि विचारलं की आत्ता तर तुम्ही खाली चहा घेत होतात ना, इतक्या चटकन जिना कशा चढलात.

मी जिना चटकन चढू शकत नाही. हे तिला माहीत आहे.

आधी फोन, मग घरी जाते. ह्यांना सांगते की समुद्र बघायचा असेल तर दुसरीकडे बघू.

१३ नोव्हेंबर

नणंदेचा फोन लागत नाही, ह्यांचा लागतो आणि कुणी उचलत नाही. जीव टांगणीला लागला. वाळूवर फिरायला गेले, डोकं थंड व्हावं म्हणून. ऊन चांगलं होतं. मागे वळून हॉटेलकडे पाहिलं.

ओळीनं सगळ्या गॅलऱ्या. प्रत्येक गॅलरीत खुर्ची. प्रत्येक खुर्चीवर निळा टॉवेल, एक टोक खाली लोंबणारा. बाकीच्या खोल्यांना अजून दारंही नाहीत, आत विटा दिसतात, पण टॉवेल आहेत.

माझ्या शेजारच्या गॅलरीत ती उभी होती. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. तिने कठड्यावरून बोट फिरवून धूळ पाहिली नाही. मी कुठल्याही कठड्यापाशी उभी राहिले की आधी तेच करते. ती नुसती समुद्राकडे पाहत होती, समाधानानं. मग तिला मी दिसले. तिने हात केला, आपण शेजारणीला करतो तसा.



१४ नोव्हेंबर

ह्यांचा फोन लागला. मी काही बोलायच्या आत हेच बोलले. आवाज मोकळा, कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता असा. म्हणाले, अगं सकाळी तासभर बोललीस तरी पोट भरलं नाही का. म्हणाले, आज किती छान बोलत होतीस, औषधाची उलटतपासणी नाही, नणंदेच्या स्वयंपाकावरून टोमणा नाही, काही नाही. म्हणाले, तू म्हणालीस तसं परवाच निघतो, कशाला थांबायचं.

मी सकाळी फोन केला नव्हता.

मी म्हटलं, येऊ नका. का, विचारलं. काय सांगणार होते? तुमच्या बायकोसारखी आणखी एक इथे आहे आणि ती माझ्यापेक्षा बरी आहे? ह्यांच्या छातीला टाके घातलेत. मी म्हटलं, हवा चांगली नाही, धूळ उडते, नळाला गंज आहे. हे हसले आणि म्हणाले, आता कशी आलीस मूळपदावर. फोन ठेवला.

ह्यांना वाटलं मी नेहमीसारखं खुसपट काढतेय. आयुष्यभर लांडगा आला रे आला केलं, आता कोण ऐकणार?

१५ नोव्हेंबर

बॅग भरली. हे निघायच्या आधीच घरी गाठायचं ठरवलं. खाली गेले तर इंजिनिअर स्वागतकक्षात उभा. मी निघाले म्हटल्यावर आ वासून पाहत राहिला. म्हणाला, काकू, आत्ताच तर तुम्ही खोली पसंत म्हणालात. एकही खोट नाही म्हणालात. उद्या काका येणार म्हणून जास्तीची उशी मागितलीत. मी म्हटलं, ती मी नव्हे. तो हळू आवाजात समजावू लागला, आजाऱ्याला समजावतात तसा. मग त्याची नजर माझ्या चष्म्याच्या दोऱ्यावर गेली. तिथून गुडघ्यावर. आणि त्याचा आवाज बदलला. उर्मट नाही. नुसता कोरडा, वस्तूबद्दल बोलतात तसा. मिस्त्रीकडे वळून म्हणाला की नमुन्याची खोली उद्यापासून मोडायला घे.

मोटारी बंद आहेत. फाटकावरच्या नव्या पाटीसाठी रस्ता अडवलाय. पायी जावं तर गुडघा —

उद्या फाटकापाशीच उभी राहते. हे उतरले की हात धरून परत फिरवायचं. बाकी मग बघू.

१६ नोव्हेंबर, सकाळ

फाटकापाशी उभी होते. पाटी वर चढवत होते म्हणून फाटक बंद केलं. गाडी मागच्या बाजूनं आली. मला कुणी सांगितलं नाही. धावले. धावले म्हणजे काय, फरफटत गेले.

वरच्या कॉरिडॉरमध्ये हे पाठमोरे. तिने कोपर धरलं होतं. नीट, अलगद, मी धरते तसं दाबून नाही. हे तिच्याकडे पाहत होते. तोंडून अहो एवढंच निघालं. हे वळणार तेवढ्यात प्लायवूड घेऊन गडी मध्ये आले. लाकूड बाजूला झालं तेव्हा दार बंद होतं.

ठोठावलं. आतून माझाच आवाज, नंतर या म्हणून, हे आराम करतायत म्हणून.

आणखी जोरात ठोठावणार होते. हात वर गेला आणि थांबला. दार उघडलं आणि ह्यांना आम्ही दोघी एकदम दिसलो तर? डॉक्टर काय म्हणाले होते? ती ते ओळखून आहे. माझंच डोकं आहे ना तिचं.

दुपार

माझ्या खोलीत आले. फोन केला. ह्यांनीच उचलला. मी म्हटलं, मी बोलतेय. हे फोन बाजूला करून कुणाला तरी म्हणाले, गंमत बघ, अगदी तुझ्यासारखा आवाज. फोन बंद झाला. आता लागत नाही.

बाहेर खिळे ठोकतायत. दार ढकललं, हलत नाही. गॅलरीच्या काचेवर बाहेरून फळ्या आल्यात, फटीतून उन्हाची रेघ येते तेवढ्यावर लिहितेय. मी हाका मारल्या. मिस्त्री बाहेरच आहे. उत्तर देत नाही. वस्तूला कोण उत्तर देतं.

ओरडायचं तर ह्यांना ऐकू जाईल. घाबरतील. न ओरडावं तर —

भिंतीला कान लावलाय. कपबशीचा आवाज. हे गॅलरीत बसलेत. चहा भुरकतायत. ती काही बोलत नाही. मी बोलले असते.

नंतर

हळू वाजवते भिंत. नुसत्या बोटानं. घाबरू नये इतपतच, पण कळावं —

पुन्हा वाजवली. हे थांबले, ऐकत असावेत.

हे तिला म्हणाले — स्पष्ट ऐकलं मी — म्हणाले, आल्यापासून तू एकही खुसपट काढलं नाहीस. उशी, चहा, काहीच नाही. बरी आहेस ना? खरं सांग, कोण —

ह्यांना कळलं. ह्यांना फरक कळला. सगळी खोट दुरुस्त केली म्हणून कळला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्यात, अक्षर दिसत नाही. मी श्वास धरून —

तिने कप बशीत ठेवल्याचा आवाज.

आता बोलली. माझ्या सुरात. नाक मुरडून. म्हणाली, आहे की एक. मघापासून सांगणार होते. शेजारच्या खोलीतून आवाज येतो.

हे हसले. मोकळं, पोटभर. म्हणाले, आली बाई माझी —

नाही. ती नाही. अहो, मी —

तिने फोन उचललाय. तक्रार सांगतेय. इंजिनिअर म्हणत असणार, लगेच करतो काकू, काही राहू देत —

पावलं. दारावर टकटक. मिस्त्रीचा आवाज, आत येऊ का म्हणून. पण काकू म्हणाला नाही, नुसतं आत ये